एक राज्य, एक भयपट, एक पोस्टर: घरच्या भिंतीवर अमेरिकेचा नकाशा असा लावा

आधी भिंत ठरवा, सिनेमे नंतर. नागपुरात पश्चिमेची भिंत या कामाला चालत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर ती हाताला चटका देते, रात्री उशिरापर्यंत निवत नाही, आणि तिच्यावरचा कागद दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळा पडतो. कूलरच्या थेट झोतासमोरची भिंतही नको. खसाच्या जाळीतून येणारी हवा ओली असते. सकाळी सरळ असलेला फोटो संध्याकाळपर्यंत कडेने वळतो. दोन खोल्यांच्या मधली, आतली भिंत घ्या. आठ फूट रुंद आणि चार फूट उंच जागा मोकळी मिळाली की काम झालं.

मी नागपूरच्या महाल भागात फ्रेमिंगचं दुकान चालवते. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, निवृत्तीची मानपत्रं हा रोजचा धंदा. भयपट ही माझी स्वतःची आवड, आणि ही भिंत त्या आवडीतून आली. अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी जमतील तितक्या राज्यांना एकेक भयपट द्यायचा आणि त्याचं छोटं पोस्टर त्या राज्यावर लावायचं. नुसती पोस्टरं ओळीत लावली तर ती सजावट होते. नकाशावर लावली की कळतं, अमेरिकेतली भीती जमिनीतून येते. टेक्ससमध्ये ती उन्हातून येते, नेब्रास्कात मक्याच्या शेतातून, मेरीलँडमध्ये जंगलातून, कोलोरॅडोत बर्फातून. म्हणून पोस्टर निवडताना हिरो-हिरॉइन कोण ते पाहू नका. गोष्ट कोणत्या मातीतली आहे ते पाहा.

बोर्ड आणि नकाशा

सॉफ्टबोर्ड घ्या, शाळा-ऑफिसांच्या नोटीस बोर्डाला वापरतात तो, बारा मिलिमीटर जाडीचा. त्याचा पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचाच येतो, म्हणून भिंतीचं माप तेच सांगितलं. हा शीट ऑटोत मावत नाही आणि बहुतेक लिफ्टमध्येही नाही. छोटा हत्ती सांगा, आणि फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर जिन्याची वळणं आधी मोजून घ्या. घर तळमजल्यावर असेल आणि वाळवीचा त्रास असेल, तर सॉफ्टबोर्ड आणूच नका, तो लाकडाच्या तंतूंचा असतो. त्याऐवजी पाच मिलिमीटरचे दोन सनबोर्ड एकमेकांना चिकटवा, पिन धरण्याइतकी जाडी मिळते.

नकाशा फ्लेक्सवर छापू नका. फ्लेक्स चमकतो, आणि पिन काढली की भोक तसंच राहतं. बॅनरवाल्यांकडे कापडावरची छपाई मिळते, ती करा. कापड बोर्डावर ताणून मागच्या बाजूने स्टेपल करायचं. कापडातली पिन काढून दुसरीकडे टोचली तरी जुनं भोक दिसत नाही, आणि हा नकाशा तुम्ही पुढे सारखा बदलणार आहात. राज्यांच्या सीमा असलेला कोरा नकाशा अमेरिकी सरकारच्या यूएसजीएस या खात्याकडे मिळतो. त्या सरकारी खात्यांच्या कामावर तिथे कॉपीराइट नसतो. रंग फिका ठेवा, राखाडी किंवा मळकट पांढरा. पोस्टरं उठून दिसली पाहिजेत, नकाशा नव्हे.

मुख्य भूमीचा नकाशा सहा फूट रुंद छापा. उरलेल्या दोन फुटांपैकी दीड फूट उजवीकडे, अटलांटिक समुद्राच्या बाजूला सोडा, अर्धा फूट डावीकडे. हे प्रमाण महत्त्वाचं आहे. या मापात टेक्सस सुमारे दीड फूट रुंद येतं. ते राज्य अख्ख्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. पण ऱ्होड आयलंड जेमतेम एक इंचाचं येतं. प्रत्यक्षातही ते आपल्या नागपूर जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान आहे. न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, सगळी ईशान्येकडे दाटीवाटीने बसलेली, आणि भयपटांची गर्दीही नेमकी तिथेच. त्यांची पोस्टरं समुद्रात लावायची आणि राज्यापर्यंत दोरा ओढायचा. अलास्का आणि हवाई यांच्यासाठी खाली डाव्या कोपऱ्यात वेगळी चौकट ठेवा.

पोस्टरचं माप

अमेरिकी सिनेमाचं नेहमीचं पोस्टर, ज्याला तिकडे वन-शीट म्हणतात, ते १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत २७ बाय ४१ इंचांचं असायचं. नंतर २७ बाय ४० झालं. हे प्रमाण फोटो लॅबच्या चार बाय सहा इंचांच्या प्रिंटशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. म्हणून खास छपाई करायची गरज नाही. कोणत्याही फोटो लॅबमध्ये चार बाय सहा सांगा. फाइल किमान १२०० बाय १८०० पिक्सेलची असू द्या. त्याहून लहान फाइल मोठी करून नेली तर खालची बारीक अक्षरं चिकटतात.

कागदाबद्दल लॅबवाल्याशी नीट बोला. भयपटाचं पोस्टर म्हणजे निम्म्याहून जास्त काळा रंग. ग्लॉसी कागदावर काळा सुंदर येतो, पण त्यात ट्यूबलाइट दिसते. अगदी कोरड्या मॅटवर काळा राखाडी पडतो. मधला, किंचित दाणेदार सिल्क फिनिश मागा. आणि 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' हे आवर्जून सांगा. नाहीतर मशीन अंधार उजळवतं, आणि कलाकाराने मुद्दाम अंधारात ठेवलेली गोष्ट उघडी पडते.

या प्रिंट स्वतःच्या भिंतीसाठी आहेत, विकायला नाहीत. आणि कुणी तुम्हाला स्वस्तात 'ओरिजनल' पोस्टर देतो म्हणाला, तर आधी फूटपट्टी लावा. १९७०च्या दशकातलं मूळ वन-शीट साधारणपणे घडी घालून थिएटरला जायचं, त्यामुळे घड्यांच्या खुणा असतात, आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या वितरण कंपनीचा मजकूर आणि नंबर असतो. सरळ, कोरं करकरीत, २४ बाय ३६ मापाचं असेल तर ती अलीकडची छपाई. भिंतीवर लावायला ती वाईट नाही, पण दाम त्याच हिशेबाने द्या.

कोणतं पोस्टर चांगलं

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत मारबतीच्या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक पाहिली असेल, तर तुम्हाला हे लगेच समजेल. एवढ्या गर्दीत, गुलालात, घोषणांत पिवळी मारबत लांबून ओळखू येते, कारण कारागीर बारीकसारीक गोष्टींत पडत नाही: डोळे, रंग, उंची, बस. पोस्टरचंही तसंच. चार बाय सहाची प्रिंट हातात घेऊन खोलीच्या दारात उभे राहा, दुसऱ्याला ती बोर्डाशी धरायला सांगा. तिथून आकार कळला तर ते पोस्टर भिंतीवर टिकतं. नुसते पाच-सहा घाबरलेले चेहरे दिसले तर बाजूला ठेवा.

या परीक्षेत 'हॅलोविन' (१९७८) सगळ्यांच्या पुढे जातं. बॉब ग्लीसन यांनी काढलेलं हे पोस्टर जवळून बघण्यासारखं आहे. काळ्या पार्श्वभूमीवर कोरलेला, आतून पेटलेला भोपळा. त्याच्या कडेच्या फुगीर रेषा उजवीकडे सरकत जातात आणि कळत नाही कधी त्यांची बोटं होतात, शिरा ताणलेल्या मुठीत सुरा येतो. भोपळा कुठे संपला आणि हात कुठे सुरू झाला, ती जागा बोटाने दाखवून बघा, सापडत नाही. रक्ताचा एक थेंब नाही. सॉल बास यांचं 'द शायनिंग'चं (१९८०) पिवळं पोस्टरही असंच: अक्षरांच्या आत ठिपक्यांनी काढलेला एक चेहरा, एवढंच. घरात लहान मुलं असतील, सासू-सासरे असतील, तर हा मुद्दा कामाचा आहे. सर्वांत चांगली भयपट-पोस्टरं जवळपास सगळीच रक्ताशिवायची आहेत. ती हॉलमध्येही लावता येतात. सिनेमे मात्र मोठ्यांचेच आहेत, ते मुलांना दाखवू नका.

राज्य कसं ठरवायचं

इथे सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून नियम आधीच ठरवा. माझा नियम असा: पोस्टर गोष्टीच्या राज्यात, लाल पिनेने. शूटिंग जिथे झालं तिथे निळी पिन. दोन्हींच्या मध्ये काळा दोरा. हे दोरे लागायला लागले की भिंत खरी जिवंत होते.

'हॅलोविन'ची गोष्ट इलिनॉय राज्यातल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावातली. नाव न्यू जर्सीतल्या खऱ्या हॅडनफील्डवरून घेतलं. सहलेखिका डेब्रा हिल तिथल्या. आणि शूटिंग झालं कॅलिफोर्नियात, साउथ पासाडेना भागात, तेही वसंत ऋतूत. ऑक्टोबरची पानगळ हवी होती म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुन्हा वापरायची. माझी भाची आर्किटेक्चर शिकते, तिचं लक्ष चौकटीच्या कोपऱ्यात जातं. सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, ती म्हणाली, "आत्या, हे पानं खोटे दिसून राहिले. आन् मागं झाडं तं पामचे आहेत." बरोबर होतं. इलिनॉयच्या थंडीत ती झाडं रस्त्याकडेला उभी राहत नाहीत. एका सिनेमाला तीन पिना लागल्या: इलिनॉयला लाल, कॅलिफोर्नियाला निळी, न्यू जर्सीला नावापुरती पांढरी.

टेक्सससाठी विचार करायची गरज नाही. टोबी हूपर यांचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर' (१९७४) गोष्टीनेही टेक्ससचा आणि शूटिंगनेही. १९७३च्या उन्हाळ्यात ऑस्टिनच्या आसपास तो झाला. जुनं घर, बंद खिडक्या, आत दिवे, जनावरांची हाडं आणि सडत चाललेलं मांस, बाहेर पारा १०० फॅरनहाइटच्या वर. म्हणजे ३८ सेल्सिअस. आपल्यासाठी तो एप्रिलचा साधा दिवस, पण बंद खोलीत दिव्यांखाली ३८ म्हणजे काय ते नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग चोवीस तासांहून जास्त वेळ सलग चालला होता. पडद्यावर रक्त फार थोडं आहे. ऊन आणि घाम आहे, आणि जनरेटरचा आवाज. माझं मत विचाराल तर हा सिनेमा मे महिन्यात दुपारी पाहावा, पडदे लावून. रात्री एसीत पाहिला तर त्यातली अर्धी गोष्ट हरवते. पोस्टरवर एक प्रश्न छापलेला आहे: कोण वाचेल, आणि त्यांचं काय उरेल? प्रिंट घेताना ही ओळ कापली जाणार नाही याची काळजी घ्या.

आता विस्कॉन्सिन. तिथे मी पोस्टर लावलेलं नाही, पण तिथून तीन दोरे निघतात. प्लेनफील्ड गावातला खुनी एड गीन १९५७ साली पकडला गेला. त्याच्या घरात जे सापडलं त्याच्या बातम्यांतून रॉबर्ट ब्लॉक यांना 'सायको' कादंबरी सुचली, ते तेव्हा त्याच राज्यात राहत होते. तिच्यावरून हिचकॉक यांचा सिनेमा आला (१९६०), जो अॅरिझोनातल्या फीनिक्सला सुरू होतो आणि कॅलिफोर्नियातल्या मोटेलवर पोहोचतो. चेन सॉचं बीजही तिथलंच, आणि 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'च्या (१९९१) खुन्याचा काही भागही. म्हणून विस्कॉन्सिनला फक्त एक पिवळी पिन. गीनचा फोटो मिळतो, पण तो लावू नका. त्या गोष्टीत खरी माणसं मेली आहेत, त्यांच्या घरचे आहेत. सिनेमाची भिंत सिनेमाचीच राहू द्या.

'द एक्झॉर्सिस्ट'ची (१९७३) अडचण वेगळी. गोष्ट आणि तो प्रसिद्ध ७५ पायऱ्यांचा जिना, दोन्ही जॉर्जटाउनचे, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनचे. ती कोणत्याच राज्यात येत नाही. पण बिल गोल्ड यांचं ते पोस्टर, दिव्याखाली बॅग घेऊन उभा असलेला माणूस आणि खिडकीतून येणारा उजेड, भिंतीवर नसणं मला पटत नाही. समुद्रात जागा द्या, दोरा राजधानीच्या ठिपक्याला बांधा. हे राज्य नाही, वेगळा जिल्हा आहे, हे पाहुण्यांना सांगा.

बाकीची भराभर सांगते. पेनसिल्व्हेनियाला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८), जॉर्ज रोमेरो यांचा. शीर्षक बदलताना कॉपीराइटची सूचना पडद्यावरून गळली आणि तेव्हाच्या कायद्यानुसार सिनेमा अमेरिकेत कॉपीराइटमुक्त झाला, त्यामुळे तो सहज पाहायला मिळतो. न्यू जर्सीला 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०), शूटिंगही तिथलंच. माणसाच्या काळ्या आकृतीच्या आत जंगल दाखवणारं पोस्टर अॅलेक्स एबेल यांचं. ऱ्होड आयलंडला 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३), निळी पिन नॉर्थ कॅरोलायनाला. टेनेसीला 'द ईव्हिल डेड' (१९८१). शिकागोच्या उंच इमारतींसाठी 'कॅन्डीमॅन' (१९९२) मला फार आवडतो, पण इलिनॉयला एकच जागा आहे. तुम्ही तो लावला तर मी वाद घालणार नाही. मिशिगनला 'इट फॉलोज' (२०१४), डेट्रॉइटची ओस पडलेली घरं. नेब्रास्काला 'चिल्ड्रन ऑफ द कॉर्न' (१९८४), शूटिंग शेजारच्या आयोवात. सिनेमा मध्यम आहे, पण उंच मक्याच्या शेतात दोन पावलं आत गेलं की बाहेरचं काही दिसत नाही, हे काटोल-सावनेरकडे शेती असलेल्या कुणालाही विचारा.

मेरीलँडला 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९). बर्किट्सव्हिल हे खरं गाव, जंगलाचं शूटिंग बहुतांशी त्याच राज्यातल्या सेनेका क्रीक पार्कमधलं. कॅमेरे कलाकारांनी स्वतःच चालवले. याचं मुख्य पोस्टर नका लावू. प्रचारासाठी 'हे तिघे हरवले आहेत' अशी साधी पत्रकं वाटली होती, ती छापा. ती साध्या कागदावरच खरी वाटतात, फोटोपेपरवर नाही.

काही दोरे नकाशाबाहेर जातात, तेव्हा त्या मोकळ्या समुद्राचा उपयोग होतो. 'द शायनिंग' कोलोरॅडोचा. तो ज्या कादंबरीवरून आला, ती स्टीफन किंग यांना तिथल्या एस्टेस पार्कच्या स्टॅनली हॉटेलात सुचली. पण बाहेरून दिसणारं हॉटेल ओरेगॉनचं टिंबरलाइन लॉज आहे आणि आतले सेट इंग्लंडमधल्या एल्सट्री स्टुडिओत उभारले होते. म्हणून उजव्या कडेला एक इंग्लंडची पिन. अलास्काला 'थर्टी डेज ऑफ नाइट' (२००७): बॅरो गाव, आज त्याचं अधिकृत नाव उत्किआगविक, जिथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. शूटिंग न्यूझीलंडला, म्हणजे डाव्या कडेला एक पिन.

कॅन्सस आणि युटा ही दोन राज्यं मात्र एकाच सिनेमाने जोडा. 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) बनवणारे हर्क हार्वी कॅन्ससमधल्या लॉरेन्सला शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट बनवायचे. युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावरचा ओस पडलेला सॉल्टएअर मंडप त्यांना प्रवासात दिसला आणि त्या इमारतीभोवती सिनेमा उभा राहिला. बजेट अगदी तुटपुंजं. मारधाड जवळजवळ नाही. भयपट कधी न पाहिलेल्या माणसाला मी हाच आधी दाखवते.

लावताना

फोटोला भोक पाडू नका. चारही कडांना बाहेरून पिना टोचा, त्यांच्या डोक्याखाली प्रिंट धरली जाते, आणि बदलायची झाली तर अख्खी निघते. डबल टेप तर अजिबात नको. मे महिन्यात तिचा गोंद वितळून कागदात उतरतो. दोरा शिवणकामाचा काळा, जाड. इतवारीत रिळं मिळतात. बोर्डाच्या मागे चारही कोपऱ्यांना बूच किंवा रबराचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, पावसाळ्यात भिंतीची ओल कापडात येत नाही. ड्रिलने भोक पाडून गिट्टी ठोका आणि स्क्रूवर टांगा. नुसत्या खिळ्यावर आठ फुटी बोर्ड तिरपा होत जातो.

पन्नास राज्यं एकदम भरायला जाऊ नका. टेक्सस, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, कोलोरॅडो आणि कॅन्सस-युटा एवढ्यांनी सुरुवात करा. सिनेमा पाहिल्याशिवाय पोस्टर लावायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू. डेलावेअर किंवा नॉर्थ डकोटासाठी मनासारखं काही मिळालं नाही तर जागा रिकामी ठेवा, भरताड नको.

आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे वर्ष, दिग्दर्शक, गोष्टीचं राज्य आणि शूटिंगची जागा लिहा. फोटोपेपरच्या मागे पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढे दिसतो. सीडी मार्कर वापरा, आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय प्रिंट एकमेकांवर ठेवू नका.